कर्जतचा धक्का

कर्जतला गाडी उभी होती. बाहेर पावसाची झड, फलाटावर वड्यांच्या तेलाचा वास. शेवटून दुसऱ्या डब्यात इंजिनाच्या दिशेला तोंड करून बसलेल्या एका काकांनी चहाचा कागदी कप नुकताच ओठाला लावला होता. तेवढ्यात मागून धप्प असा दबका आवाज आला, डबा जागच्या जागी हिसकला आणि अर्धा चहा काकांच्या पांढऱ्या शर्टावर. "अरे, जरा बेतानं लावा की!" काका खिडकीकडे बघून ओरडले. ऐकायला तिथं कुणीच नव्हतं. समोरच्या बाकावर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा पाण्याची जवळजवळ भरलेली बाटली गाडीच्या लांबीला धरून आडवी घेऊन बसला होता. धक्का बसला तसा बाटलीतला हवेचा बुडबुडा सरळ इंजिनाच्या बाजूला पळाला. त्यानं ते पाहिलं. "बाबा, चहा मागे सांडला, मग बुडबुडा पुढे कसा गेला?" बाबा मोबाइलमध्ये होते. "मागून इंजिन लागलं ना, म्हणून." "पण इंजिन तर पुढे आहे." "हो, मागेही लावतात." "का?" "घाट आहे." इथं प्रश्नोत्तरं संपली.

"घाट आहे" हे उत्तर काही चूक नाही. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या माणसाला कर्जतचा थांबा, मागून लागणारी बँकर इंजिनं आणि तेवढ्या वेळात होणारा वडा हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय, की त्याचं कारण विचारणं म्हणजे पावसाळ्यात पाऊस का पडतो असं विचारण्यासारखं. पण मुलाचे दोन्ही प्रश्न चोख होते, आणि गंमत म्हणजे दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी जाऊन भेटतं. बोरघाटातला सगळ्यात तीव्र चढ ३७ला १ आहे. ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. अंशात सांगायचं तर दीडच अंश. असा उतार अंगणाला दिला तर पाहुण्यांच्या लक्षातही येणार नाही. मुलाच्या बाटलीतल्या पाण्याची लांबी २० सेंटिमीटर धरली, तर घाटात तिच्या दोन टोकांमध्ये जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा फरक पडतो. एवढ्याशासाठी शेकडो टनांची इंजिनं कशाला लागावीत?

कारण पोलादी चाक पोलादी रुळावर सपाटीला जवळजवळ फुकट पळतं. एक टन वजन सपाट रुळावर चालतं ठेवायला दोन-तीन किलोचा जोर पुरतो, बाजारातली भाजीची पिशवी उचलायला लागतो तेवढा. (बल किलोत आणि टनात मोजणं शास्त्राला धरून नाही, न्यूटनमध्ये मोजायला हवं. पण वजनाची भाषा हाताला कळते, म्हणून इथं तीच चालवू.) आता तोच एक टन ३७ला १च्या चढावर घाला. हजार किलोला ३७नं भागलं की २७ किलो. चालतं ठेवायचे दोन-तीन किलो वेगळेच. म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या चढानं गाडीचं ओझं दहापट केलं. रस्त्यावरच्या ट्रकला एवढा चढ त्या मानानं कमी जाणवतो, कारण रबरी टायर सपाटीलाच रेल्वेच्या चाकाच्या कितीतरी पट जोर खातो, त्यामुळे चढाच्या २७ किलोंनी त्याचं ओझं दहापट होत नाही. रेल्वेला घाट अवघड जातो तो तिच्या सपाटीवरच्या चैनीमुळे.

चोवीस डब्यांची गाडी घेऊ. माणसं-सामान धरून डब्याला ५० टन, म्हणजे १२०० टन. पुढचं इंजिन १२३ टनांचं. एकूण १३२३. भागिले ३७ केलं की पावणेछत्तीस टन, आणि चाकांचं, वळणांचं मिळून टनाला चारेक किलो धरलं तर आणखी पाच टन. चढावर गाडी नुसती चालती ठेवायला ४१ टनांचा जोर हवा. आता इंजिनाची ताकद पाहू. ताशी ३० किलोमीटरनं ४१ टन ओढायला साधारण ४५०० अश्वशक्ती लागते, आणि आजचं प्रवासी इंजिन ६०००च्या वर देतं. म्हणजे ताकद आहे, वर शिल्लकही आहे. तरीही एकटं इंजिन हा चढ चढू शकत नाही.

अडतं ते पायाशी.

इंजिन डबे ओढतं हे खरं, पण इंजिनाला कोण पुढे ढकलतं? रूळ. चाक रुळाला मागे रेटतं आणि रूळ तेवढ्याच जोरानं चाकाला पुढे रेटतो. न्यूटनचा तिसरा नियम शाळेत पाठ करताना बंदूक आणि होडी आठवतात, पण त्याचा धंदा चालतो तो इथं, चाक आणि रूळ जिथं टेकतात त्या जागी. सहा धुरांच्या (धुरा म्हणजे दोन चाकांना जोडणारा आस) इंजिनाला बारा चाकं. प्रत्येक चाक रुळाला टेकतं ती जागा जेमतेम एका लहान नाण्याएवढी. १२३ टनांचं धूड अशा बारा नाण्यांवर उभं असतं आणि चोवीस डबे ओढायची सगळी पकड त्या बारा नाण्यांतून येते. कोरड्या, स्वच्छ रुळावर ही पकड चाकांवरच्या वजनाच्या फार तर २७ टक्के धरता येते. १२३चे २७ टक्के म्हणजे ३३ टन. हवेत ४१. त्यापेक्षा जास्त जोर चाकाला दिला तर चाक जागेवरच फिरतं, रूळ तापतो, रुळावर भाजल्याचा चट्टा पडतो आणि गाडी हलत नाही. इंजिनात दुप्पट ताकदीच्या मोटारी बसवल्या तरी उत्तर तेच. मागची बँकर इंजिनं अश्वशक्ती वाढवायला येतच नाहीत मुळी, ती आणखी नाणी घेऊन येतात.

फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत हाच घाट बँकरशिवाय चढते, ती याच हिशेबानं. तिच्यात वेगळं इंजिन नाही, निम्म्या धुरांना मोटारी आहेत. त्यामुळे गाडीचं निम्मं वजन पकड देणाऱ्या चाकांवर असतं आणि सहा-सात टक्के पकडीतही भागतं. आपल्या चोवीस डब्यांच्या गाडीच्या एकट्या इंजिनाला तेहतीस टक्के लागली असती.

पावसात ही पकड कशी वागते, ते ड्रायव्हर मंडळींना पुस्तकापेक्षा जास्त कळतं. धो-धो पावसाची भीती कमी. जोराचा पाऊस रूळ धुऊन काढतो. त्रासदायक असते ती पहिली भुरभुर आणि घाटातलं धुकं. रुळावरचा गंज, तेलाचे थेंब आणि चिरडलेली पानं यांचा दमट हवेत बुळबुळीत लेप होतो आणि पकड २७वरून पंधरा टक्क्यांवर, कधी त्याच्याही खाली येते. पंधरा टक्क्यांनी एकट्या इंजिनाला मिळतील साडेअठरा टन, गरजेच्या निम्म्याहून कमी. मागे तेवढ्याच वजनाची दोन इंजिनं जोडली की पकडीचं वजन ३६९ टन होतं, त्याचे पंधरा टक्के ५५. इंजिनांचं स्वतःचं ओझं वाढल्यामुळे गरजही ४१वरून ४९पर्यंत चढते, पण ५५मध्ये ती बसते. घाटातली व्यवस्था चांगल्या दिवसाच्या हिशेबानं करून चालत नाही, वाईटात वाईट दिवस धरून करावी लागते, आणि या आकड्यांत ते स्वच्छ दिसतं.

त्यातूनही चाक घसरलंच तर वाळू. इंजिनाच्या पोटात वाळूच्या पेट्या असतात, त्यांतून हवेच्या दाबानं चाकाच्या अगदी पुढ्यात, रुळावर, बारीक वाळू सोडतात. ती वाळू सुकी आणि चाळलेली हवी. दमट वाळू नळीत गोळा होऊन बसते आणि नेमक्या वेळी नळी तुंबते. वाळू एकाच रुळावर पडली तर एका बाजूला पकड आणि दुसऱ्या बाजूला घसरण, मग धुरेला पीळ बसतो. सगळ्यात आधी घसरतं ते बहुधा सर्वांत पुढचं चाक. इंजिन मागचं ओझं ओढतं तेव्हा त्याचा पुढचा भाग किंचित उचलल्यासारखा होतो आणि पुढच्या धुरेवरचं वजन मागच्या धुरांवर जातं. आणि घसरल्यावर करायचं काय? जोर वाढवायचा नाही, कमी करायचा. नीट फिरणाऱ्या चाकाचा रुळाला टेकलेला बिंदू त्या क्षणापुरता थांबलेला असतो, आणि थांबलेल्या दोन पृष्ठभागांमधलं घर्षण सरकत्या घर्षणापेक्षा जास्त असतं. चाक एकदा जागेवर फिरायला लागलं की ही जास्तीची पकड गेली. ती परत मिळवायची तर चाकाला आधी शांत होऊ द्यावं लागतं. ओल्या रस्त्यावर दुचाकीचं चाक लॉक झाल्यावर ब्रेक आणखी दाबणारा माणूस याच चुकीपायी पडतो.

आता मुलाचा प्रश्न: जास्तीची इंजिनं पुढेच का नाही लावत? त्याचं उत्तर डब्यांमधल्या सांध्यात आहे. सगळी इंजिनं पुढे लावली तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर पूर्ण गाडीचं ओझं येतं, शेवटच्या कपलिंगवर फक्त एका डब्याचं. साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढी, आणि इथं सगळ्यात जास्त ताण नेमका पहिल्या कडीवर. घाटात कपलिंग तुटलं तर मागचा तुकडा उताराला लागणार. इंजिनं मागे लावली की ओझं वाटून जातं. पुढचे काही डबे ओढले जातात, मागचे ढकलले जातात, आणि मधे कुठेतरी एक कपलिंग असं येतं, जिथं ना ओढ ना रेटा. ते सैल लोंबकळत असतं. ही जागा पक्की नसते. पुढच्यानं जोर कमी केला की ती पुढे सरकते, मागच्यानं कमी केला की मागे. मागून रेटा जास्त झाला आणि त्या वेळी हलका डबा वळणावर असला तर तो बाहेर फेकला जाऊ शकतो, जशी ओली काडी दोन्ही टोकांनी दाबली की मधेच वाकून सटकते. म्हणून पुढचा आणि मागचा ड्रायव्हर एकमेकांना विचारूनच हलतात. पूर्वी शिट्ट्यांच्या खुणांनी, आता वॉकी-टॉकीवर. चढावर सिग्नलला उभी राहिलेली गाडी पुन्हा काढणं हे त्यातलं सगळ्यात नाजूक काम: ब्रेक धरून ठेवायचा, मागच्यानं आधी रेटा द्यायचा, डबे एकमेकांना टेकले की पुढच्यानं ओढ भरायची, मग ब्रेक सोडायचा. पुढच्यानं घाई केली तर मधल्या सैल कपलिंगांमधून एकामागून एक हिसके बसत जातात.

काकांचा चहा सांडला तो मात्र घाटाच्याही आधी, सपाटीवर. दोन बँकर मिळून २४६ टन. ती मागून येतात, थोडं अंतर ठेवून थांबतात आणि मग माणसाच्या चालीपेक्षाही हळू, ताशी दोनेक किलोमीटरनं, येऊन टेकतात. एवढ्या कमी वेगात धक्का कसला, असं वाटेल. एक टनाच्या मोटारीला तेवढाच संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, मिळवायचा तर तिला ताशी ४९२ किलोमीटरनं धावावं लागेल. पण ऊर्जा काढली तर ती त्याच मोटारीच्या ताशी ३१ किलोमीटरच्या वेगाएवढीच निघते. संवेगात वेग एकदा गुणला जातो, ऊर्जेत दोनदा, म्हणून हे असं. डब्याच्या टोकाला धक्का झेलणाऱ्या बफरची स्प्रिंग तेवढी ऊर्जा सहज गिळते, म्हणून काही मोडत नाही. संवेग मात्र गिळता येत नाही, तो पुढे सोपवावाच लागतो. मागच्या डब्याकडून पुढच्याकडे, तिथून त्याच्या पुढच्याकडे, आणि वाटेत ब्रेक धरलेली चाकं तो थोडा थोडा रुळाला, म्हणजे जमिनीला देऊन टाकतात. पुढच्या डब्यांत बसलेल्यांना कळतही नाही. मागच्यांचे शर्ट धुवायला जातात.

डबा पुढे सरकला, कप डब्याबरोबर पुढे सरकला, चहा होता तिथंच राहिला. तो मागे गेला असं आपण म्हणतो, खरं तर कप त्याच्या खालून निघून गेला. बाटलीतही हेच झालं, पण तिला बूच होतं. पाणी जड, त्याला मागे राहायचं होतं, ते मागच्या टोकाला जमा झालं. हवा हलकी, तिला उरेल ती जागा, म्हणजे पुढचं टोक. बुडबुडा पुढे पळाला असं दिसलं, पण त्याला पुढे रेटलं ते मागे जाणाऱ्या पाण्यानं.

गाडी हलली. पळसदरी गेलं, बोगदे सुरू झाले. बाहेर सगळीकडे पाणी, कातळावरून, झाडांवरून, बोगद्याच्या तोंडावरून. वेग स्थिर झाला, आणि बुडबुडा पुन्हा पुढच्या टोकाला जाऊन बसला. या खेपेला तो पळाला नाही, तिथंच राहिला. आता धक्का कसलाही नव्हता. उलट, ४९ टनांचा जोर आणि तेवढीच मागे खेचणारी ओढ एकमेकांना इतकी तंतोतंत फेडत होती, की बाकी शून्य. स्थिर वेगानं चाललेल्या गाडीवरचं परिणामी बल शून्य असतं, ती सपाटीवर असो की घाटात. कर्जतचा हिसका ही उरलेली चिल्लर होती, ती जाणवली. घाटातली सगळी उलाढाल शिल्लक शून्य ठेवून होत होती, म्हणून लोक डुलक्या काढत होते. आणि बाटलीला तर यातलं काहीच कळत नाही. चढ आहे म्हणून बुडबुडा पुढे गेला, की गाडी सारखी वेग घेतेय म्हणून, हे बंद खिडकीच्या डब्यात नुसत्या बाटलीकडे बघून सांगता येत नाही. ३७ला १ चढ आणि सेकंदाला सेकंदागणिक २६ सेंटिमीटरनं वाढणारा वेग, दोन्हींचा बुडबुडा एकाच जागी.

शेजारून, जुन्या रस्त्यानं घाट चढणारे गाडीवाले शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकतात. इंग्रजांना ही वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची कथा. थांबायला सवड नसलेले चालत्या गाडीतूनच टाकतात, आणि सरावलेला माणूस देऊळ यायच्या आधीच हात सोडतो. ताशी ३० किलोमीटरनं जाणाऱ्या ट्रकच्या दोन मीटर उंच खिडकीतून सुटलेलं नाणं जमिनीला लागेपर्यंत पाच मीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं. जडत्वाचा नियम न शिकता तो हातात भिनलेला असतो, देवळाच्या उंबऱ्यावर नाणी सापडतात ती त्यामुळे.

उतरणीचा हिशेब याच्या उलटा, आणि जास्त भीतीदायक. १८६३ साली घाट खुला झाला तेव्हाच्या नोंदीत पायथ्यापासून माथ्यापर्यंतची चढण १८३१ फूट दिली आहे, म्हणजे ५५८ मीटर. (रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे येणारी गाडी 'अप', त्यामुळे इथं अप गाडी उतरते आणि डाऊन गाडी चढते. नव्या माणसाचा गोंधळ उडणारच.) १३२३ टनांची गाडी ५५८ मीटर खाली आणायची तर सुमारे २००० युनिट ऊर्जेची कुठेतरी सोय लावावी लागते. महिन्याला दोनशे युनिट जाळणाऱ्या घराची ही दहा महिन्यांची वीज. सोय लावलीच नाही आणि हवेचा, रुळांचा अडथळाही शून्य धरला, तर पायथ्याला गाडीचा वेग ताशी सुमारे ३७५ किलोमीटर भरेल. नवी इंजिनं उतरताना मोटारींचं जनित्र करून यातली बरीचशी वीज तारेत परत घालतात, ती समोरून चढणाऱ्या गाडीच्या कामी येते. उरलेली ब्रेकमधून उष्णता होऊन जाते. तापलेल्या लोखंडाचा तो करपट वास उतरत्या गाडीच्या खिडकीतून येतो, घाट ओळखीचा असलेल्याला डोळे मिटूनही कळतो. ब्रेकची हवा उलट्या रीतीनं काम करते: नळीत ५ किलोचा दाब असला की ब्रेक सुटलेले, दाब उतरला की लागलेले. नळी तुटली, डबा सुटला, तरी ब्रेक आपसूक लागतो. पण लावा-सोडा, लावा-सोडा असं वारंवार केलं तर डब्यांखालच्या टाक्या पुन्हा भरायला वेळ मिळत नाही, आणि हवी तेव्हा हवा कमी पडते. म्हणून उतरताना घाई नाही, ताशी ३०च्या आसपास.

आणि त्यावरही विश्वास नाही. मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी या घाटातल्या ठिकाणी उतरणारी गाडी थांबते. तिथं कॅच सायडिंग आहे, मुख्य मार्गापासून फुटून डोंगराकडे उलटी चढत जाणारी आणि मधेच संपणारी लाइन. रुळांचा सांधा, म्हणजे गाडीला एका लाइनवरून दुसरीवर वळवणारी जागा, नेहमी तिच्याकडेच लावलेला असतो. गाडी येते, थांबते, थांबली हे सिद्ध झाल्यावर सांधा मुख्य मार्गाला वळतो. जी थांबू शकली नाही ती सायडिंगमध्ये जाते, आणि जी ऊर्जा ब्रेकला पेलली नाही ती डोंगर परत घेतो. ब्रेक निकामी झालेल्या अशा गाडीत कुणाच्या हातात ती बाटली असेल तर बुडबुडा काय करेल? बेतानं उतरणाऱ्या गाडीत तो मागच्या टोकाला असतो, कारण मागची बाजू उंच. ब्रेक दाबला की मागेच चिकटतो. आणि ब्रेक सुटून गाडी मोकळी घरंगळायला लागली, तर तो हळूहळू मधे येऊन बसतो, सपाट जमिनीवर बसावा तसा. पाणी आणि डबा दोघंही सारख्याच त्वरणानं निघालेले असतात, कुणी कुणाच्या मागे राहत नाही. आतल्यांना उतार जाणवतच नाही.

लोणावळ्याला गाडी फलाटाला लागली तेव्हा मुलगा झोपला होता. बाटली त्याच्या मांडीवर आडवी, बुडबुडा बराचसा मधे, बाटलीच्या एका वळीत अडकलेला. मागची दोन इंजिनं सुटली, ती पुन्हा एकटी कर्जतला उतरणार. सुटताना धक्का बसला नाही. काकांनी दुसरा चहा घेतला, पण गाडी हलेपर्यंत कप तोंडाला लावला नाही.